कोकराला भाऊबंद नाहीत

सातारा परिसर, औरंगाबाद
७ जानेवारी २०१९

आदरणीय रत्नाताई,
सप्रेम जयभीम.

हे पत्र तुला टँकरवाल्या सर्जेरावांच्या हातून मिळेल. तुमच्या खडकाळवाडीत फोनला रेंज फक्त देवळाच्या कळसापाशी येते, आणि हेडमास्तरांनी परवानगी दिली तरी तू कळसावर चढणार नाहीस. म्हणून इथल्या छावणी भागातल्या चहाच्या हॉटेलात मी सर्जेरावांना गाठलं. एक दिवसाआड ते तुमच्या गावाला पाणी आणतात, तर एक खोकंही आणतील.

खोक्यात आमच्या संस्थेचं यंत्र आहे. चिकलठाण्याच्या शेडमध्ये मी दोन वर्षं त्यावर डोकं फोडतोय. कॉम्प्युटर नाही, पडदा नाही, तरी तुझ्या वर्गातली तिसरी-चौथीची मुलं प्रोग्रामिंग शिकतील. जेवणाच्या डब्याएवढी, चाकं लावलेली एक लाकडी पेटी आहे. तिच्या पाठीवर खाचा आहेत. सोबत ठोकळे दिलेत: पुढे, डावीकडे, उजवीकडे, थांब. एक गोल ठोकळा ‘पुन्हा’चा आहे, तो सोबतच्या पुस्तकातल्या शेवटच्या धड्यात लागतो. मुलांनी ठोकळे ओळीनं खाचांत बसवायचे, हिरवं बटण दाबायचं, की पेटी त्याच क्रमानं चालते. चुकली तर ठोकळा बदलायचा. एवढाच खेळ, पण अख्खं शास्त्र त्यात आहे.

मार्चमध्ये पुण्याहून आमच्या गीता मॅडम पाहणीला येतील. तोवर दर महिन्याला सोबतचा फॉर्म भरून दे. प्रश्न चौथा असा आहे, ‘यंत्रामुळे गावात काही बदल जाणवला का?’ तिथे सगळ्या शाळा ‘नाही’ लिहितात. तूही लिही, मला वाईट वाटणार नाही.

तुझा मावसभाऊ,
राजेंद्र


खडकाळवाडी, ता. खुलताबाद
१६ जानेवारी २०१९

प्रिय राजू,
सप्रेम जयभीम.

खोकं पोचलं, पण ते माझ्याआधी गावानं उघडलं. टँकरच्या केबिनमधून उतरलं म्हणजे पाण्याचंच काहीतरी असणार, अशी सगळ्यांची खात्री. मुंजाबांनी स्वतः दोरी सोडली. मुंजाबा म्हणजे आमच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. सगळा जन्म मेंढरांमागे गेला, आता मेंढरं थोडी उरलीत आणि तंटे भरपूर, त्यामुळे माणूस कामात आहे. पेटीत तोटी सापडेना, तेव्हा ती शाळेत आली.

मुलांना यंत्र फार आवडलं. माझा निम्मा वर्ग मेंढपाळांच्या घरचा. दुसऱ्याच दिवशी मुंजाबांचा नातू राम म्हणाला, ‘बाई, हिला थंडी वाजत आसंल.’ आणि पोरांनी घरून लोकर आणून पेटीला डिंकानं चिकटवली. आता तिला सगळे कोकरू म्हणतात. आमचे हेडमास्तर अप्पाराव गुरुजी नियमाला पक्के, त्यांनी साठा नोंदवहीत ‘लाकडी कोकरू, नग एक’ असं लिहूनही टाकलं.

मी अंगणात चुन्यानं चौकटी आखून गावाचा नकाशा काढलाय. देऊळ, शाळा, वरची गल्ली, देवळाची गल्ली, खालची वस्ती. कोकरू त्यावर चालतं.

सगळ्यांत हुशार आहे चौथीतली अंबिका. ती ठोकळे बसवण्याआधी डोळे मिटून मनातल्या मनात चालून येते. पण ती आपल्या लोकांच्या खालच्या वस्तीतली. टँकर वरच्या गल्लीतून सुरू होतो, ड्रम भरत भरत खाली येतो, आणि वस्तीपर्यंत पोचतो तेव्हा तळातला गाळ उरलेला असतो. तोही मिळेल न मिळेल म्हणून अंबिका तिची आजी गोजरबाईबरोबर दुपारपर्यंत हंड्यांपाशी उभी असते. म्हणजे टँकरच्या दिवशी ती शाळेत नाही. अर्धं वर्ष असंच गेलं. या पोरीला मी कशी शिकवू, ते तुझ्या पुस्तकात कुठेच नाही.

तुझी,
रत्नाताई


सातारा परिसर, औरंगाबाद
२२ जानेवारी २०१९

रत्नाताई,

लोकर ताबडतोब काढ. चाकात गेली तर गिअर जाईल. आणि ते कोकरू नव्हे, त्याचं नाव ‘गतिमान-२’ आहे, तळाला छापलंय.

अंबिकाच्या गैरहजेरीबद्दल वाचलं. तिच्या आजीला भेटून शिक्षणाचं महत्त्व पटवून दे. एक रंगीत पत्रक पाठवतोय.

पाण्याचं म्हणशील तर इथे काय वेगळं आहे? डोंगराच्या पायथ्यापर्यंत इमारती उठल्या, नळ मात्र अजून यायचेच आहेत. आमच्या सोसायटीत रोज टँकर येतो आणि ए विंग आणि सी विंग यांच्यात रोज महायुद्ध होतं. काल सेक्रेटरींच्या अंगावर कोणीतरी बादली फेकली. रिकामी होती, भरलेली कोण फेकणार!

राजेंद्र


खडकाळवाडी
६ फेब्रुवारी २०१९

प्रिय राजू,

पत्रक गोजरबाईला दिलं. तिनं ते हंड्यावर झाकण म्हणून ठेवलंय, नीट बसतं.

आता जे लिहिते ते बसून वाच.

दोन आठवड्यांपूर्वी टँकरवरून इथेही मारामारी झाली. टँकर आधी कुठे थांबणार हे मुंजाबा ठरवतात, आणि त्यांची भावकी वरच्या गल्लीत. देवळाच्या गल्लीनं त्यांना वाट्टेल ते ऐकवलं. मुंजाबांनी समितीतल्या रामहरीला ठरवायला सांगितलं, तर रामहरीचा सासरा देवळाच्या गल्लीतला निघाला. ज्याला पुढे करावं त्याला कोणीतरी नातेवाईक आहेच. मुंजाबा वैतागून शाळेच्या पायरीवर येऊन बसले. समोर पोरं नकाशावर कोकरू चालवत होती. ते एकेका गल्लीत जाई, थांबे, पुढे जाई. म्हातारा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला,

‘बाई, हे कुणाचं हाय?’

‘शाळेचं.’

‘तसं नाय. याला भाऊबंद हायेत का? सोयरे?’

मी हसून नाही म्हटलं. तिथेच चुकलं माझं.

आता टँकरच्या दिवशी सकाळी सात वाजता गाव शाळेच्या अंगणात गोळा होतं. मुलं हजेरीपटावरच्या नंबरानं पाळीपाळीनं ठोकळे बसवतात, कोकरू नकाशावर फिरतं, आणि ते ज्या क्रमानं थांबलं त्याच क्रमानं सर्जेराव टँकर नेतात. कोकराचा शब्द शेवटचा. त्याला हळदकुंकू लागलंय. तालुक्याहून चारा छावणीसाठी जनावरं मोजायला माणूस आला, त्यानं गर्दीच्या रेट्यात यालाही बिल्ला मारला. कान नव्हता म्हणून बटणाशेजारी मारला.

आणि ठोकळे म्हणजे काय, ठाऊक आहे? चारा. मुंजाबांच्या बायको बानाबाई सगळ्यांना समजावून सांगतात, ‘लेकरं चारा घालत्यात. पोट भरलं की उठतं आन चालाय लागतं. पर जातं आपल्या मनानं.’

मी दोनदा उभं राहून सांगितलं की हा चारा नाही, हा हुकूम आहे, मुलं जसं लावतात तसं ते चालतं. मुंजाबा म्हणाले, ‘बाई, कोकराला हुकूम देऊन कोण शाणं झालंय?’ आणि सगळे हसले.

एक गोष्ट मात्र मला टोचते आहे. मुलांनी टँकर जसा नेहमी जाताना पाहिला तसाच ठोकळ्यांचा क्रम लावला. वरची गल्ली, देवळाची गल्ली, शेवटी वस्ती. पूर्वी गोजरबाई मुंजाबांना निदान शिव्या तरी देत होती. आता कोकराला काय शिव्या देणार?

रत्नाताई


सातारा परिसर, औरंगाबाद
११ फेब्रुवारी २०१९

रत्नाताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा हसलो, एकदा घाबरलो आणि तिसऱ्यांदा गीता मॅडमना फोनवर वाचून दाखवलं. त्या भारावून गेल्यात. ‘समुदायाचा सहभाग’ असं म्हणाल्या आणि ते शब्द त्यांनी लिहूनही घेतले.

पण ठोकळे म्हणजे चारा, हे काय? मी मोठा तक्ता पाठवतोय. मूल हुकूम देतं, ठोकळा हुकूम वाहतो, यंत्र हुकूम पाळतं, असे तीन बाण आहेत. तो अंगणात लाव म्हणजे गैरसमज फिटेल.

आणि लोकर काढलीस का?

राजेंद्र


खडकाळवाडी
२८ फेब्रुवारी २०१९

प्रिय राजू,

तक्ता लावला. गावाला तो कोकराचा फोटो वाटला, बाण म्हणजे पाय. एक पाय कमी काढलाय म्हणून तुझ्यावर नाराज आहेत. लोकर काढलेली नाही. लोकर काढलेलं कोकरू न्याय देईल असं मला वाटत नाही, आणि मला असं वाटू लागलंय याची मलाच काळजी वाटते.

पण खरी बातमी पुढे आहे. बारा तारखेला ठोकळे लावायची पाळी अंबिकाची आली. ती ठोकळे घेऊन बसली, नेहमीसारखे डोळे मिटले. सगळं गाव उभं. तिनं एकेक ठोकळा बसवला तशी मी मनात वाचत गेले. पोरीनं बटण दाबलं. कोकरू निघालं ते वरच्या गल्लीकडे न वळता सरळ खाली वस्तीत गेलं आणि थांबलं.

रामहरी म्हणाला, ‘आसं कसं? आजारी हाय का काय?’ बानाबाईंनी कोकराच्या अंगावर हात फिरवून पाहिला. शेवटी मुंजाबा म्हणाले, ‘गेलं ना ते? मग गेलं. सर्जेराव, घे खाली.’

राजू, वस्तीत पहिल्यांदा टँकरचं पहिलं पाणी आलं. गोजरबाईनं ओंजळ भरून आधी नुसतं बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘बाई, तळ दिसतोय की यात!’ आणि साडेदहा वाजता अंबिका वर्गात. टँकरच्या दिवशी, पहिल्या बाकावर. मला रडू आलं, मी फळा पुसत उभी राहिले.

त्या दिवशी तळातलं पाणी वरच्या गल्लीला गेलं. पुढच्या खेपेला रामची पाळी. त्याच्या घरी गढूळ पाणी आलेलं, त्यानं मुकाट्यानं जुना क्रम लावला. मधल्या सुट्टीत अंबिका त्याच्याशी कडाडून भांडली. मी मध्ये पडणार, तर ती भांडण सोडून ठोकळे घेऊन बसली आणि बाकीची पोरं तिच्याभोवती. तासाभरानं त्यांचा नियम तयार होता. मागच्या खेपेला ज्या गल्लीत शेवट झाला, या खेपेला तिथून सुरुवात, आणि सगळ्या गल्ल्या होईतो पुन्हा. त्यांनी गोल ठोकळा वापरला, राजू! तुझ्या पुस्तकाचा शेवटचा धडा, मी तो अजून उघडलाही नव्हता. कोकराला मागचं आठवत नाही, म्हणून राम दर खेपेला भिंतीवर खडूनं खूण करतो.

आता तिन्ही गल्ल्यांना आळीपाळीनं चांगलं पाणी मिळतंय. भांडण नाही. गाव म्हणतं, कोकरू शहाणं झालं. फॉर्मच्या चौथ्या प्रश्नात मी ‘होय’ लिहिलंय, जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलंय.

रत्नाताई


सातारा परिसर, औरंगाबाद
५ मार्च २०१९

रत्नाताई,

अभिनंदन! मॅडमनी फॉर्म वाचला, मागची बाजूसुद्धा. त्या १९ तारखेला येत आहेत. गावाचा गैरसमज त्या स्वतः दूर करणार. सगळ्या गावासमोर त्या ठोकळ्यांचं खरं काम समजावतील, म्हणजे निर्णय यंत्राचा नसून मुलांचा होता हे लोकांना कळेल आणि मुलांचं जाहीर कौतुक होईल.

आणखी एक, जरा लाजत लिहितो. मी ही हकीकत सोसायटीत सांगितली होती. आता सेक्रेटरी विचारतात, ते कोकरू महिनाभर इकडे मिळेल का? ए विंग तयार आहे. सी विंगनं एकच अट घातलीय, लोकर तशीच राहिली पाहिजे.

राजेंद्र


खडकाळवाडी
८ मार्च २०१९

राजू,

मॅडमना थांबव. हात जोडून सांगते.

तुला कळत कसं नाही? कोकरानं सांगितलं म्हणून वरची गल्ली गढूळ पाणी पिते आहे. खालच्या वस्तीतल्या नऊ वर्षांच्या पोरीनं सांगितलं, हे एकदा कळलं की दुसऱ्या दिवशी ठोकळे मोठ्या माणसांच्या हातात जातील. टँकर वरून सुरू होईल आणि अंबिका परत हंड्यांपाशी. शिवाय कोण तिच्या आजीला काय बोलेल, ते मला लिहायचंही नाही.

रत्नाताई


औरंगाबाद
११ मार्च २०१९

ताई,

मॅडमची गाडी ठरली आहे, मी त्यांना थांबवू शकत नाही. आणि खरं सांगू? थांबवावं असं मला वाटतही नाही. आपल्या घरात कधी अंगारा आला नाही की धुपारा. लाकडाच्या पेटीला हळदकुंकू लावतात आणि तू, एक शिक्षिका, ते झाकून ठेवायला सांगतेस? तुझ्या आईला हे कळलं तर ती काय म्हणेल?

राजेंद्र


खडकाळवाडी
२० मार्च २०१९

प्रिय राजू,

तुझं पत्र लागलं. मी झाकत नव्हते रे. मी रोज खरं सांगत होते आणि कोणी ऐकत नव्हतं, आणि त्यांनी ऐकू नये असं मला वाटू लागलं होतं. त्याची लाज मला होतीच, तू आणखी आईचं नाव काढलंस.

मॅडम आल्या. बाई चांगल्या आहेत, मुलांजवळ मांडी घालून बसल्या. तीन तास त्यांनी कोकरू सगळ्या बाजूंनी चालवून दाखवलं. ठोकळा बदलला की वाट बदलते, हे मुंजाबांच्या हातानं करवून घेतलं. आता न समजायला काही कारणच उरलं नाही. शेवटी मुंजाबांनी विचारलं, ‘म्हंजी महिनाभर हे ठरवत व्हतं कोण?’

मॅडमनी आनंदानं हात पसरले. ‘ही मुलं! आणि सगळ्यांत आधी ही अंबिका!’

टाळ्या त्यांनी एकट्यांनीच वाजवल्या. अंबिका माझ्या पदराआड झाली. गोजरबाई भिंतीला टेकून उभी होती, ती खाली बसली. मुंजाबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि म्हणाले, ‘मॅडम शहरातल्या हायेत. मेंढरातलं त्यांना काय कळतंय? चला, चहा घ्या.’ सगळं गाव ‘व्हय व्हय’ करत उठलं. मॅडम गाडीत बसताना मला म्हणाल्या की इथे अजून बरंच काम करावं लागेल.

संध्याकाळी मी मुंजाबांच्या घरी गेले. ते मेंढरांना पाणी पाजत होते, तेच गढूळ. मी म्हटलं, ‘बाबा, तुम्हाला मॅडमचं खरंच पटलं नाही?’

म्हातारा माझ्याकडे वळला. ‘बाई, साठ वर्षं मेंढरं वळली म्या. कोण चारतंय आन कोण वळवतंय, येवढं कळंना व्हय मला? पयल्या दिवशीच कळलं. बानीला कळलं. रामहरीला जरा उशीरा कळलं.’

‘मग?’

‘मग काय? वरच्या गल्लीला म्या सांगितलं आस्तं का, की वस्तीला आधी पानी द्या? माझी भावकीच उठली आस्ती माझ्यावर. आन पोरीनं सांगितलं आस्तं तर तिच्या आजीला कुणी जगू दिलं आस्तं? कोकराला कोण काय करतंय?’

राजू, मी तिथेच दगडावर बसले. गाव अडाणी आहे असं समजून महिनाभर मी त्यांना सांभाळत होते, आणि सगळं गाव मिळून मलाच सांभाळत होतं. हसू आलं. आणि लगेच रागही आला, तो अजून गेला नाही. एका पोरीचं शहाणं बोलणं ऐकायला गावाला लाकडाचं जनावर मध्ये घ्यावं लागतं. तेही मी त्यांना बोलून दाखवलं. मेंढराचं तोंड घमेल्यातून बाजूला करून त्यांनी दुसऱ्याला जागा दिली.

आज सकाळी टँकरचा दिवस होता. सात वाजता सगळे जमले. मनात धाकधूक सगळ्यांच्याच, कारण आता ते मोठ्यानं बोललं गेलं होतं. पाळी अंबिकाची, आणि नियमानं आज वरची गल्ली शेवटी. तिनं ठोकळे बसवले, बटण दाबलं. कोकरू हललं नाही. पुन्हा दाबलं. मॅडमनी तीन तास चालवून त्याचे सेल संपवले होते, आणि इथे तसले सेल मिळत नाहीत.

रामहरी म्हणाला, ‘झालं. आता कसं?’ वरच्या गल्लीतली दोन-तीन माणसं एकमेकांकडे बघून ड्रम उचलायला निघाली. गोजरबाईनंही सवयीनं आपले हंडे मागे ओढले. मला वाटलं, आत्ता काही बोलले नाही तर संपलं.

तेवढ्यात अंबिकानं खाली वाकून कोकराच्या पाठीवरचे ठोकळे एका बोटानं वाचायला सुरुवात केली, वर्गात वाचते तसे, हेल काढून.

‘पुढे. पुढे. उजवीकडे. थांब.’

आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकू गेला नसेल. सर्जेराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले, कोकराकडे बघत. ते हलेल म्हणून वाट बघत होते बिचारे. अंबिकानं मान वर केली आणि परत पहिल्या ठोकळ्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘पुढे.’

टँकर हलेना. तेव्हा मुंजाबा केबिनपाशी गेले आणि दारावर काठी आपटून ओरडले, ‘आरं, ऐकू येत नाय का? पुढं म्हणली ना ती!’

टँकर निघाला. अंबिका त्याच्यापुढे चालत होती, ठोकळ्यांची ओळ दोन्ही हातांत धरून, एकेक वाचत. तिच्यामागे टँकर, आणि टँकरमागे सगळं गाव ड्रम घेऊन. वरच्या गल्लीतले लोक सगळ्यांत शेवटी होते, पण होते.

तुझ्या सोसायटीला कळव, कोकरू मोकळं आहे, सर्जेरावांबरोबर पाठवते. लोकर शाबूत आहे. ठोकळे मात्र आमच्याकडेच राहतील. आणि सेल पाठवू नकोस.

तुझी,
रत्नाताई